बाबा काय काम करतात?



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, ते कडक शिस्तीचे शिक्षक होते आणि सिनेमाचे पक्के शौकीनही होते. मी यंदाचा विषय कळवला तेव्हा कार्यवाहांचा फोन आला. ‘गुंडांचा सिनेमा?’ एवढंच ते म्हणाले. गेल्या वर्षीचं संतसाहित्यावरचं व्याख्यान, पहिल्या रांगेतली ज्येष्ठ मंडळी, देणगीदार, सगळ्यांची काळजी त्या दोन शब्दांत होती. मी म्हटलं, बापलेकाचा सिनेमा आहे. ते म्हणाले, मग हरकत नाही.

आम्ही दोघंही खरंच बोलत होतो. सॅम मेंडिस यांचा ‘रोड टू पर्डिशन’ हा २००२ सालचा चित्रपट गुंडांचाही आहे आणि बापलेकाचाही. टॉम हँक्स बाप, पॉल न्यूमन त्या बापाचा मालक आणि मानलेला बाप. न्यूमनचा पोटचा मुलगा झालाय डॅनियल क्रेग. हो, तोच, पुढे जेम्स बाँड झालेला. इथे मात्र तो असा नेभळट आणि खुनशी आहे की बाँडच्या चाहत्यांनी जरा मन घट्ट करून बसावं.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. १९३१ चा हिवाळा. अमेरिकेत दारूबंदी आहे, म्हणजे दारूचा धंदा तेजीत आहे. इलिनॉय राज्यात मिसिसिपीच्या काठी रॉक आयलंड नावाचं गाव. तिथला आयरिश दादा जॉन रूनी. त्याचा उजवा हात मायकेल सलिव्हन. हा अनाथ पोरगा रूनीनं वाढवला, त्याला घर दिलं, आणि कामही दिलं. काम म्हणजे माणसं मारण्याचं. सलिव्हनला बायको आहे, दोन मुलगे आहेत. थोरल्याचं नाव बापाचंच, मायकेल. वय बारा. एका रात्री हा थोरला बापाच्या गाडीत लपून बसतो आणि बाप काय करतो ते बघतो. पोरानं बघितलंय हे रूनीच्या मुलाला, कॉनरला, कळतं. साक्षीदार नको म्हणून कॉनर सलिव्हनच्या घरात शिरतो आणि त्याच्या बायकोला आणि धाकट्याला मारतो. मारायचं होतं थोरल्याला. उरलेले दोघं, बाप आणि मुलगा, गाडीत बसून निघतात. सहा आठवड्यांची ही गोष्ट आहे.

आज मला या सिनेमाबद्दल बरंच बोलायचं आहे, पण सगळं एकाच प्रश्नाभोवती फिरेल. प्रश्न त्या घरातली पोरं रात्री अंथरुणात पडल्यापडल्या एकमेकांना विचारतात: बाबा काय काम करतात? धाकटा विचारतो, थोरला ठोकून देतो. बाबा युद्धात शूर होते, म्हणून राष्ट्राध्यक्ष त्यांना कामगिरीवर पाठवतात, वगैरे. धाकटा म्हणतो, थापा मारतोस.

श्रोतेहो, या सभागृहातल्या किती जणांना लहानपणी वडिलांचं काम ठाऊक होतं? ‘ऑफिसात आहेत’, ‘मिलमध्ये आहेत’, ‘दौऱ्यावर असतात’. ते तिथं नेमकं काय करतात, कोणापुढे मान खाली घालतात, कोणावर ओरडतात, हे किती पोरांनी पाहिलं? बाप संध्याकाळी घरी येतो तो दिवसातला उरलेला बाप असतो. मेंडिसनं हे पहिल्या काही मिनिटांत दाखवलंय. पोरगा वडिलांना जेवायला बोलवायला वर जातो. लांबलचक बोळ, टोकाला अर्धवट उघडी खोली. वडील खिसे रिकामे करतायत. नाणी, किल्ल्या, आणि मग बगलेतलं पिस्तूल. पोरगा दाराच्या चौकटीतून बघतो. वडिलांना कळतं. कोणी काही बोलत नाही. खाली ताटं वाढलेली आहेत.

पुढे गोदामातला प्रसंग आहे. तोही पोराला पूर्ण दिसत नाही. दाराखालच्या फटीला डोळा लावून तो बघतो, आणि आपल्यालाही तेवढंच दिसतं. बापाचे पाय, आणि पायांशी टपाटप पडणारी रिकामी काडतुसं. बारा वर्षांच्या पोराला बापाच्या नोकरीचं दर्शन घडतं ते असं, घोट्यापर्यंत.

कॉनर घरात दोन खून करून निघतो तेव्हा पोरगा सायकलवरून नुकताच दाराशी पोचलाय. शाळेत मारामारी केली म्हणून त्याला थांबवून ठेवलं होतं, त्या शिक्षेनं त्याचा जीव वाचवला. (शिक्षकांनी हे कुठेतरी टिपून ठेवायला हरकत नाही.) कॉनर दाराच्या काचेपाशी येतो. आत उजेड, बाहेर अंधार. पोराला कॉनर स्वच्छ दिसतो. कॉनरला काचेत दिसतं ते फक्त स्वतःचं तोंड. एका काचेनं आणि एका दिव्यानं दिग्दर्शकानं अख्खी गोष्ट सांगितली.

आता ही गोष्ट आली कुठून, तेही बोलायला हवं, कारण तिचा प्रवास मजेशीर आहे. मॅक्स ॲलन कॉलिन्स या लेखकानं रिचर्ड पियर्स रेनर या चित्रकाराबरोबर १९९८ साली याच नावाची चित्रकादंबरी काढली. तिच्यामागे एक जपानी मालिका होती, ‘लोन वुल्फ अँड कब’. काझुओ कोइके आणि गोसेकी कोजिमा यांची, १९७० पासूनची. त्यात एक सामुराई आपल्या तान्ह्या मुलाला घेऊन सुडाच्या वाटेला लागतो. निघण्यापूर्वी तो बाळापुढे दोन वस्तू ठेवतो: चेंडू आणि तलवार. चेंडूकडे रांगत गेलास तर तुला तुझ्या मेलेल्या आईकडे पाठवतो, तलवारीकडे गेलास तर माझ्यासोबत चल. बाळ तलवारीकडे जातं. आपल्याकडे काही घरांत उष्टावणाच्या वेळी बाळापुढे पोथी, लेखणी, नाणं मांडतात आणि बाळ कशाला हात लावतं म्हणून आजीसकट सगळे टक लावून बसतात. तोच खेळ, फक्त पैज जिवाची.

हा जपानी बाप आणि अमेरिकन बाप शेजारी उभे करून बघा. एकाला मुलानं तलवार उचललेली चालते, नव्हे, त्याच अटीवर तो मुलाला जिवंत ठेवतो. दुसऱ्याची सगळी धडपड पोरानं पिस्तूल उचलू नये म्हणून. तोही प्रवासात पोराच्या हातात एकदा पिस्तूल देतो, स्वतःच्या रक्षणासाठी. पोरगा नको म्हणतो.

आणि गोष्टीत खराखुरा इतिहासही आहे. रॉक आयलंडमध्ये जॉन लूनी नावाचा माणूस होऊन गेला. शिकलेला, वकील. स्वतःचं वर्तमानपत्र काढायचा आणि गावातल्या बड्यांना सांगायचा, पैसे द्या नाहीतर तुमचं नाव छापतो. पत्रकारितेचा हा प्रकार आपल्याकडच्या कोणाला ओळखीचा वाटला तर तो योगायोग समजावा. त्याच्या मुलाचं नाव कॉनर. हा कॉनर १९२२ मध्ये गावात झालेल्या गोळीबारात मारला गेला. बाप त्यानंतर पुष्कळ वर्षं जगला. सिनेमानं लूनीचा रूनी केला आणि मरणांचा क्रम उलटा केला: इथे आधी बाप जातो, मग मुलगा.

त्या बापाबद्दल आता सविस्तर बोलतो, कारण माझ्या मते सिनेमाचा गाभा तो आहे. पडद्यावर सगळ्यांत जास्त वेळ हँक्स आहे, पण सगळ्यांत जास्त वजन न्यूमनचं आहे.

सुरुवातीला रूनीच्या घरी एका मयतीनंतरची जमवाजमव आहे. मेलेला माणूस रूनीच्याच टोळीतला. शवपेटीखाली बर्फ, तो वितळतोय, थेंब भांड्यात पडतायत. बाहेरच्या खोलीत दारू आणि गाणं. रूनी पियानोवर बसतो. सलिव्हन येऊन शेजारी बसतो. दोघं एका पियानोवर वाजवतात. एकाचा हात खालच्या सुरांवर, दुसऱ्याचा वरच्या. एक शब्द नाही. वाजवता वाजवता दोघं एकमेकांकडे बघून किंचित हसतात. आणि मागे, दाराशी, कॉनर उभा आहे. तो हे बघतोय. बापानं आयुष्यात आपल्याशेजारी असं कोणाला बसवून घ्यायला हवं होतं, हे त्याला कळतंय. त्याच्या चेहऱ्यावर त्या एका क्षणी जे येतं, त्यात पुढचे सगळे खून आहेत.

म्हणजे रूनीला मुलगे दोन. एक पोटचा, नालायक. एक मानलेला, लायक. कॉनर बापाच्याच पैशांवर डल्ला मारतो, मेलेल्या माणसांच्या नावानं खोटी खाती चालवतो, आणि लफडं उघडं पडायची वेळ आली की माणूस मारतो. सलिव्हनला हे कळतं ते हिशेबाच्या वह्यांवरून. इथे मला थोडं विषयांतर करू द्या. त्याच १९३१ च्या ऑक्टोबरमध्ये अल कपोनला शिक्षा झाली ती खुनाबद्दल नाही, आयकर बुडवल्याबद्दल. गुंडांना बंदुकीनं जे होत नाही ते वहीखात्यानं होतं, हे सनदी लेखापालांच्या कानावर घालावंसं वाटतं. कपोन म्हटल्यावर आणखी एक: त्याच्यावरचा एक प्रसंग या सिनेमासाठी चित्रित झाला होता, अँथनी लापाग्लियानं ती भूमिका केली होती. मेंडिसनं तो कापला. पडद्यावर कपोन येतच नाही, त्याचं नाव तेवढं फिरतं, आणि त्यामुळे त्याची जास्त भीती वाटते.

तर सलिव्हन ते कागद घेऊन रूनीला भेटतो. कुठे? चर्चच्या तळघरात. वर प्रार्थना आटोपलीय, खाली हे दोघं. सलिव्हन पुरावा पुढे करतो, तुमचा मुलगा तुम्हालाच लुटतोय. आणि रूनी काय म्हणतो? मला माहीत आहे.

श्रोतेहो, धृतराष्ट्राला निदान दिसत नव्हतं. डोळ्यांनीही नाही आणि पुत्रमोहानं मनानंही नाही, असं आपण म्हणतो आणि त्याला थोडी माफी देतो. रूनीला सगळं दिसतं. मुलगा चोर आहे, खुनी आहे, त्यानं एका बाईला आणि एका लहान पोराला मारलंय, आणि ते पोर या म्हाताऱ्याच्या अंगाखांद्यावर खेळलेलं होतं. सगळं दिसूनही तो म्हणतो, मुलाला मारायची परवानगी मी देऊ? तो सलिव्हनला सुनावतो की या खोलीत खुन्यांखेरीज कोणी नाही, आपल्यापैकी कोणालाही स्वर्ग दिसणार नाही. सलिव्हन म्हणतो, मायकेलला दिसेल. म्हातारा म्हणतो, मग तसं होईल एवढं बघ.

या प्रसंगात दोन बाप आहेत आणि दोघांनाही एकच गोष्ट हवी आहे. आपलं पोर वाचावं. दोन्ही पोरं एकाच वेळी वाचणं शक्य नाही. खलनायक कुठे आहे यात? सोयीचा खलनायक हवा असेल तर कॉनर आहे. पण ज्याच्यामुळे सगळं घडतं ती गोष्ट बापाची माया आहे, आणि सिनेमा तिला कुठेही गोड करत नाही.

मग पावसाचा प्रसंग. तो सांगितल्याशिवाय मी व्यासपीठावरून उतरलो तर तुम्ही मला माफ करू नये. रात्र, मुसळधार पाऊस, रूनी आणि त्याची माणसं गाडीकडे चाललीयत. ड्रायव्हर आत मेलेला सापडतो. आणि समोरच्या अंधारातून गोळ्या सुरू होतात. आवाज मात्र नाही. थॉमस न्यूमन यांचं संगीत हलकं चालू आहे, पावसाचाही आवाज नाही, बंदुकीचाही नाही. फक्त अंधारात एका ठिकाणी ज्वाळा लवलवताना दिसते आणि माणसं एकेक करून कोसळतात. रूनी पाठमोरा उभा. वळतही नाही. त्याला कोण आलंय ते माहीत आहे. सगळे पडल्यावर तो वळतो, अंधारातून सलिव्हन पुढे येतो. आता आवाज परत येतो. म्हातारा एवढंच म्हणतो की निदान तू आहेस याचा आनंद आहे. मग गोळ्यांचा आवाज, आणि तो आपल्याला पूर्ण ऐकावा लागतो.

अनोळखी माणसांची मरणं मुकी आणि बापाचं मरण आवाजासकट! कोणी म्हणेल, दिग्दर्शकाची चलाखी. असेल. पण सलिव्हन इतकी वर्षं हेच करत आला होता. ज्यांना मारलं त्यांचा आवाज त्यानं स्वतःला ऐकू दिला नव्हता. आज पहिल्यांदा ऐकावा लागला.

आता माझी तक्रार. व्याख्यान स्मृतीचं असलं तरी सिनेमाचं श्राद्ध घालायला आपण जमलेलो नाही, तेव्हा दोष सांगायला हवा. हा सिनेमा सलिव्हनला फार सांभाळून घेतो. सहा आठवडे पोराला घेऊन हा माणूस बँका लुटतो, पण पैसे घेतो फक्त कपोनच्या टोळीचे. सामान्य माणसाच्या नाण्याला हात नाही. मारतो कोणाला? त्याला मारायला आलेल्यांना, नाहीतर मारण्याच्याच लायकीच्यांना. ज्या निरपराध माणसांना त्यानं इतक्या वर्षांत रूनीच्या हुकमावरून मारलं असेल, त्यातला एकही चेहरा आपल्याला दिसत नाही. वर टॉम हँक्स! त्या चेहऱ्यावर रागवायला अमेरिकन प्रेक्षक शिकलेलाच नाही. आपण पापी माणसाच्या बाजूनं उभे राहतो आणि आपल्याला त्याची किंमत मोजावी लागत नाही. आणि त्या घरातली आई? तिला सगळं ठाऊक आहे हे तिच्या नजरेवरून कळतं, पण बोलायला मिळतात मोजकी वाक्यं, आणि मग ती मरते. बापांच्या सिनेमात आयांची ही नेहमीची अवस्था.

आपल्या पडद्यावर बरोबर उलट चित्र आहे. आपल्याकडचा गुंड आईचा असतो. ‘दीवार’मध्ये बाप घर सोडून निघून जातो आणि मुलाच्या हातावर बाप चोर असल्याचं गोंदवलं जातं. पुढे सगळा झगडा आईसाठी. ‘मदर इंडिया’त तर आईच मुलाला गोळी घालते. आणि १९९९ चा महेश मांजरेकरांचा ‘वास्तव’ घ्या. मराठी घर, शिवाजी साटम वडील, रीमा आई. तिथे गुंड झालेल्या मुलाला, रघूला, शेवटी आईच्या, शांताबाईंच्या, हातून मरण येतं. रूनीला जे जमत नाही ते शांताबाईंना जमतं. मी हे कोणाची पाठ थोपटण्यासाठी सांगत नाही. दोन समाज गुन्हेगार मुलाचा न्याय कोणाच्या हाती सोपवतात, ते बघण्यासारखं आहे. आणि ‘वास्तव’ सुरू कसा होतो आठवतं का? घरचे समुद्रावर वर्षश्राद्ध करतायत, आणि एक लहान मुलगा आजीला विचारतो, हे कोणासाठी? त्याला त्याचा बाप ठाऊक नाही. म्हणजे प्रश्न तोच. बाबा काय काम करत होते?

त्या प्रश्नाचं उत्तर पर्डिशनच्या वाटेवर कसं येतं, ते सांगतो. जखमी सलिव्हन एका म्हाताऱ्या शेतकरी जोडप्याच्या घरी बरा होतो. एका रात्री पोरगा विचारतो, तुम्हाला धाकटा जास्त आवडायचा का? बाप गडबडतो, नाही म्हणतो. पोरगा म्हणतो, मग माझ्याशी तुम्ही वेगळे का वागायचात? तेव्हा बाप कबूल करतो की धाकटा गोड होता आणि तू माझ्यासारखा होतास, आणि तू माझ्यासारखा व्हावंस असं मला वाटत नव्हतं.

बापाला मुलात स्वतःचा चेहरा दिसला की आनंद व्हावा, असं आपण धरून चालतो. ‘अगदी बापावर गेलाय’ हे आपण बारशापासून कौतुकानं म्हणतो. या माणसाला त्याची दहशत बसते. मुलाला दूर ठेवणं ही त्याची माया होती, आणि मुलानं ती बारा वर्षं नावड म्हणून सोसली. सिनेमातली सगळी गोळीबारी एका पारड्यात आणि हे चार वाक्यांचं बोलणं दुसऱ्या. मला हेच जड वाटतं.

शेवटी दोघं सरोवराकाठच्या पर्डिशनला पोचतात, मावशीच्या घरी. रूनी मेला, कॉनरही मेला. वाटतं, संपलं. पण हार्लन मॅग्वायर तिथे आधीच येऊन बसलाय. हे पात्र मूळ चित्रकादंबरीत नाही, पटकथाकार डेव्हिड सेल्फ यांनी घातलेलं आहे. ज्यूड लॉनं साकारलेला हा मारेकरी प्रेतांचे फोटो काढून वर्तमानपत्रांना विकतो. बघण्याचीच त्यानं नोकरी केलीय. तो सलिव्हनला पाठीत गोळ्या घालतो आणि कॅमेरा उभारायला लागतो. पोरगा आत येतो, पिस्तूल रोखतो. हात थरथरतोय. मारायला सगळी कारणं आहेत, पण गोळी सुटत नाही. गोळी सुटते ती मरणाऱ्या बापाच्या हातून. मॅग्वायर कोसळतो, आणि बाप पोराकडे बघतो तो सुटका झालेल्या माणसासारखा. आयुष्यात हे एकच काम त्याच्या मनासारखं झालं.

‘द गॉडफादर’मधल्या बापालाही हेच हवं होतं की धाकट्या मायकेलनं धंद्यात येऊ नये. तिथे मायकेल धंद्यात येतो आणि मोठा होतो. इथला मायकेल शेतकरी जोडप्याकडे परत जातो. तीस वर्षांच्या अंतरानं आलेले हे दोन सिनेमे ज्यांना पाठोपाठ बघता येतील त्यांनी जरूर बघावेत. सरांनी तर त्यावर निबंध लिहायला लावला असता.

एक गोष्ट सांगून थांबतो. या सिनेमाचं छायाचित्रण कॉनरॅड हॉल यांचं. काचेतलं ते तोंड, तो पाऊस, तो अंधार, सगळं त्यांचं. न्यूमनच्या ‘कूल हँड ल्यूक’ आणि ‘बुच कॅसिडी अँड द सनडान्स किड’चं छायाचित्रणही त्यांनीच केलं होतं, म्हणजे हा चेहरा त्यांनी तरुणपणापासून प्रकाशात धरलेला होता. ते जानेवारी २००३ मध्ये गेले. मार्चमध्ये या सिनेमासाठी त्यांना ऑस्कर जाहीर झालं, सहा नामांकनांतलं हे एकच मिळालं. ते घ्यायला त्यांचा मुलगा कॉनरॅड डब्ल्यू. हॉल व्यासपीठावर गेला. तोही छायाचित्रकारच आहे.